वाळवंटातला स्टॉपर

रियाध, २ जुलै २०२५

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

काल आमच्या रियाधच्या अल-हिलालची मॅच संपल्या संपल्या फोन केला तर बाबा, तुम्ही कूलिबालीबद्दल एवढंच म्हणालात, "चौतीस वर्षांचा घोडा, पैशासाठी वाळवंटात गेलाय." आणि फोन आईकडे दिलात. मी तेव्हा हसले, पण ड्यूटीवर दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही. पैशासाठी वाळवंटात आलेलं तुमच्या घरातलं आणखी एक माणूस आहे ना! फोनवर तुम्ही बोलू देत नाही, म्हणून लिहायला बसले.

मॅच इथे पहाटे चारला होती, तुमच्याकडे साडेसहाला. म्हणजे तुम्ही चहा घेत पूर्ण बघितलीत, नाही म्हणू नका. समोर इंग्लंडची मँचेस्टर सिटी. ९० मिनिटांत २-२. जादा वेळेत चौथ्याच मिनिटाला कॉर्नर आला आणि कूलिबालीने हेडर मारला. शेवटी अल-हिलाल ४-३.

हा कालिदू कूलिबाली, अल-हिलालचा स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधला खेळाडू, जन्मला फ्रान्समध्ये, आईवडील सेनेगलहून आलेले. मेट्झमध्ये सुरुवात, मग बेल्जियममध्ये गेंक, २०१४ मध्ये इटलीत नेपल्सच्या नापोली क्लबात. नापोलीचे कोच बेनितेझ यांचा पहिला फोन आला तेव्हा कुणी मित्र चेष्टा करतोय असं वाटून त्याने फोन ठेवून दिला होता. माझ्या इंटरव्ह्यूचा फोन आला तेव्हा तुम्हीही 'फसवाफसवी आहे, ठेव' म्हणाला होतात, आठवतंय?

तुम्ही त्याचे गोल बघता, म्हणून त्याची दुसरी बाजू सांगते. २२ एप्रिल २०१८ ला तुरीनमध्ये युव्हेंटसविरुद्ध ९० व्या मिनिटाला याच्याच हेडरने नापोली जिंकली. अख्खं नेपल्स रस्त्यावर आलं, आता लीग आपलीच म्हणून. पुढच्याच रविवारी फिओरेन्टिनाविरुद्ध सुरुवातीच्या काही मिनिटांत याला रेड कार्ड, टीम ०-३ हरली आणि लीग हातची गेली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, पुन्हा तेच तुरीन. नापोलीने ०-३ वरून ३-३ केले होते. शेवटच्या क्षणी याने चेंडू बाहेर काढायला पाय घातला आणि तो आपल्याच जाळ्यात गेला. ज्या मैदानावर हिरो झाला, तिथेच सेल्फ गोल.

त्यानंतर तो आणखी तीन हंगाम नापोलीतच खेळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सेनेगलने पहिल्यांदा आफ्रिका कप जिंकला तो याच्या कॅप्टनशिपखाली. फायनल पेनल्टीवर गेली, तेव्हा पहिली पेनल्टी मारायला हाच पुढे आला. बाबा, तुम्ही मात्र कोल्हापुरातल्या त्या एका फायनलनंतर बूट माळ्यावर टाकलेत ते टाकलेतच. मी तेव्हा सहा वर्षांची होते. गोल कसा झाला ते मला आठवत नाही. परत येताना मिरजकर तिकटीपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नव्हता, ते आठवतं.

२०१८ च्या जानेवारीपर्यंत इथे बायकांना स्टेडियममध्ये जायला मिळत नव्हतं. मी गेल्या हंगामात अल-हिलालच्या मैदानावर, किंग्डम अरेनात, दोनदा गेले. छप्पर बंद, आत एसी. शाहू स्टेडियमची धूळ नाही, की दगडी पायऱ्यांवर बूड भाजत नाही. पण तुम्ही शिकवलंत तसंच बघितलं, 'चेंडू सगळेच बघतात, तू स्टॉपर बघ.' टीव्हीवर तो दिसतच नाही हो! चेंडू पलीकडच्या गोलपाशी असतो तेव्हाही हा हात करकरून फुलबॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, आत ओढतो, ओरडतो, सारखी मान वळवून पाठीमागे कोण आहे ते बघतो. पाय आता पूर्वीसारखे पळत नसतील. म्हणून दोन पावलं आधीच निघतो आणि टॅकल करायची वेळच येऊ देत नाही. तुमच्याबद्दल पाटलांचे काका हेच सांगायचे.

आणि पैशाचं म्हणाल, तर ते त्याने लपवलेलं नाही. इथे येतानाच त्याने सांगितलं होतं, या पैशातून आईवडिलांपासून चुलतभावांपर्यंत सगळ्यांचं नीट होईल, सेनेगलमध्ये संस्थेची कामंही होतील. मला ते ऐकून बरं वाटलं. माझा पगार त्याच्या बुटाच्या नाडीइतका, पण घराचं कर्ज त्यातूनच फिटलं आणि त्याची मला लाज वाटत नाही. तुम्हालाही वाटू नये, एवढंच.

आई, पंचगंगेचं पाणी कुठवर आलंय? मागच्या खोलीतलं धान्य वर ठेवलंस का? रविवारी एकादशी आहे, उपास कर पण गोळ्या चुकवू नकोस.

बाबा, शुक्रवारी आमची ब्राझीलच्या फ्लुमिनेन्सेशी मॅच आहे. तुमच्याकडे रात्री साडेबारा वाजतील. त्यांच्याकडून थियागो सिल्व्हा खेळतोय, तोही स्टॉपरच, वय चाळीस. त्याला घोडा म्हणायच्या आधी ९० मिनिटं बघा. मी सुट्टी घेतलीय. हाफ टाइमला फोन करेन, तेव्हा आईकडे द्यायचा नाही.

तुमची,
धाकटी