खुले पत्र: भाडोत्री आले म्हणून आमचं गाव संपलेलं नाही

मा. मंत्री महोदय,
महाराष्ट्र शासन, मुंबई

सप्रेम नमस्कार.

या पत्रावर आपल्या खात्याचं नाव घातलेलं नाही, कारण आमच्या कोळीवाड्याचा विषय नेमका कोणाकडे येतो हे आजवर एकाही खिडकीवर कळलेलं नाही. गावठाण म्हटलं की महसूल, बांधकाम म्हटलं की नगरविकास, होड्या म्हटल्या की मत्स्यव्यवसाय, समुद्र म्हटला की पर्यावरण. ज्यांच्या टेबलावर हे पत्र जाईल त्यांनी ते आपल्यालाच लिहिलंय असं समजावं, ही नम्र विनंती.

मी वांद्र्याला चिंबईत राहते. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला भरतीचं पाणी लागतं. गेल्या पावसाळ्यात उधाणाने त्या भिंतीचा खालचा थर सुटला. तीच भिंत, त्याच मापाची, पुन्हा बांधायची म्हणून मी रीतसर अर्ज केला. पाहणीला साहेब आले. भिंतीपर्यंत ते गेलेच नाहीत. गल्लीतून ये-जा करणारी तरुण मुलंमुली त्यांनी पाहिली, दाराशी लावलेल्या स्कूटर पाहिल्या आणि म्हणाले, "इथे तर सगळे भाडोत्रीच दिसतायत. कोळीवाडा राहिलाय कुठे आता?" अर्जावर शेरा पडला, सीमांकन निश्चित झाल्यावर, म्हणजे कोळीवाड्याची हद्द आखून झाल्यावर, विचार करता येईल.

कुठे राहिलाय ते सांगते. आमच्या शेजारचं सेंट अँड्र्यू चर्च चारशे वर्षांहून जुनं. टोकावरचा किल्ला पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधला. माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये सुरू झाला, त्याच्या आधी खाडी ओलांडायची तर होडीशिवाय गत नव्हती. चिंबई, रनवार, शेर्ली, पाली अशा पाखाड्या, म्हणजे छोट्या वस्त्या, होत्या, त्यांचं मिळून वांद्रे झालं. १८९६ च्या प्लेगात घाबरलेल्या माणसांनी गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभे केले, त्यांना आजही हार पडतो. आमच्या दारात अजून जाळी विणली जातात. मासेमारीची बंदी उठली की अजून होड्या लोटल्या जातात. एवढं असूनही कोळीवाडा दिसत नसेल, तर दिसण्यासाठी आम्ही आणखी काय करायचं?

आणि भाडोत्री का आले तेही ऐका. किनाऱ्याजवळची मासळी गेली. मोठ्या बोटी एलईडीचे दिवे लावून समुद्र उपसतात, लहान होडीवाल्याचं डिझेलही सुटत नाही. मग घरातली एक खोली भाड्याने द्यायची, त्यावर मुलांच्या फिया भरायच्या, हे इथल्या घराघरात झालं. मीही पोटमाळा भाड्याने देते. करार नोंदवते, मुद्रांक भरते, पोलिसांना माहिती देते. जळगाव, सांगली, इंदूर, गुवाहाटी, कुठून कुठून पोरं येतात, जाहिरातीत, सिनेमात, कुठल्या कुठल्या ऑफिसात राबतात आणि रात्री बाराला दमून परततात. गाणी मोठ्याने लावतात, कचरा चुकीच्या वेळी ठेवतात, त्यावरून आमची भांडणंही होतात. पण माझ्या सासूबाईंना रात्री छातीत दुखायला लागलं, गल्लीत अॅम्ब्युलन्स शिरेना, तेव्हा याच पोरांपैकी चौघांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत उचलून नेलं. पुढच्याने पाय धरले होते आणि तो सारखा म्हणत होता, "आजी, डोळे मिटू नका." सासूबाई वाचल्या. त्या पोरांकडे बोट दाखवून माझं गाव नाकारायचा अधिकार त्या साहेबांना कोणी दिला?

आमच्या शेजारी बैठं घर होतं. मालक बाहेरचा, त्याने एका उन्हाळ्यात त्यावर चार मजले चढवले. त्याला सीमांकन आडवं आलं नाही. किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधनं घालणारी किनारा नियमनाची अधिसूचना १९९१ मध्ये आली, २०११ आणि २०१९ मध्ये बदलली. २०११ च्या अधिसूचनेत तर मुंबईच्या कोळीवाड्यांचा वेगळा उल्लेख आहे. पण तो माझ्या भिंतीच्या कामी येत नाही आणि त्याच्या चार मजल्यांना रोखतही नाही. एकेका खोलीत तीन तीन कॉट, सगळ्यांना मिळून एक संडास, जिना इतका अरुंद की आडवं होऊन चढावं लागतं. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या उशीवर छताचं प्लॅस्टर पडलं. ती कामावर होती म्हणून निभावलं. तिने घर सोडलं तर डिपॉझिटचा एक रुपया परत मिळाला नाही, कारण हातात नोंदलेला करारच नव्हता.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम ५५. करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाच हजार! आमच्याकडे एका कॉटचं महिन्याचं भाडं त्याच्या दुपटीहून वर गेलंय. त्या मुलीच्या मालकाला तेवढाही दंड झाला नाही.

तुम्ही ३० जून २००९ ला आमच्या डोळ्यांसमोर सी लिंक सुरू केलात, साडेपाच किलोमीटरहून लांब. त्यानंतर साडेदहा किलोमीटरचा कोस्टल रोड झाला. आता वर्सोव्यापर्यंतचा पूल. समुद्राच्या तळातला खडक कुठे लागतो ते तुम्हाला मोजता येतं, कोळीवाड्याची हद्द मात्र मोजता येत नाही. मत मागायला येणारा प्रत्येक जण सीमांकनाचा शब्द देऊन जातो. पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, नंतर तीन वर्षांहून जास्त काळ या शहरात नगरसेवकच नव्हता. २०२५-२६ ला ७४ हजार कोटींचं अंदाजपत्रक झालं आणि तेव्हाही वॉर्डात हक्काने दार ठोठवावं असा एक माणूस नव्हता. लोकशाही म्हणतात ती हीच होती का?

मला तौक्ते चक्रीवादळाची रात्र विसरता येत नाही. १७ मे २०२१. दिवसभर वारा होताच, मग पाणी घरात शिरलं. गॅसची शेगडी, तांदळाचा डबा, मुलीची पुस्तकं, सगळं खाटेवर चढवलं आणि आम्ही उभ्याने पहाट केली. तेव्हापासून भरतीचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असतं. पाणी ओसरलं तरी मिठाचा थर राहतो, सिमेंट फुगतं, सळई गंजते, कपाटातल्या कपड्यांना वास येतो. नवऱ्याला दमा आहे. त्या ओलीत तो रात्र रात्र बसून काढतो.

तरुणांना इथून हाकला असं आम्ही म्हणत नाही. त्यांना राहू द्या, पण नोंदलेल्या करारावर, पडणार नाही अशा छताखाली. जुनं घर जुन्याच मापात दुरुस्त करायचं असेल तर त्याची परवानगी सीमांकनाला बांधू नका. गल्लीत स्ट्रेचर जाईल एवढी वाट मोकळी करा. आमची हद्द आखायला माणसं पाठवा, आणि ती येतील तेव्हा आमच्या म्हाताऱ्यांना सोबत घेऊ द्या, कारण हद्दीचे दगड कुठे होते ते त्यांनाच ठाऊक आहे.

माझी भिंत जूनच्या आत उभी राहिली पाहिजे. परवानगी आली तर उत्तम. नाही आली तरी मी ती बांधणार आहे, उघडपणे, दिवसाढवळ्या, अर्जाची पोच दाराला चिकटवून. मग नोटीस काढायचीच असेल तर आधी शेजारच्या चार मजल्यांवर काढा.

आपली,
चिंबईची एक रहिवासी
वांद्रे (पश्चिम)