डुबीवाल्यांच्या कानांचं काय?

महोदय,

कालच्या अंकातला खाडीतल्या रेतीवरचा लेख वाचला. सक्शन पंप बंद करा, डुबीला, म्हणजे बुडी मारून बादलीने रेती काढण्याला, परवाने द्या, हे लेखकाचं म्हणणं मला मान्य आहे. पंपांनी काठ कसे खाल्ले ते आम्ही नायगावकर रोज बघतो. पण पानभर मजकुरात डुबी मारणाऱ्या माणसाच्या कानांवर एक ओळ नसावी, याचा संताप आला. खाडीला डुबीने तेवढा त्रास होत नाही. माणसाला होतो.

माझ्या बाबांनी वीस वर्षं डुबी मारली. तळात रोवलेला बांबू धरून पंचवीस-तीस फूट खाली जायचं, बादली भरायची, वर यायचं, असं दिवसाला शंभरावर वेळा. तीस फुटांवर दाब जवळपास दुप्पट होतो, कानाच्या पडद्यामागची हवा निम्म्यावर दबते. नाक चिमटीत धरून फुंकलं तर दडा सुटतो, पण एक हात बांबूला, दुसरा बादलीला! बाबा कानात मेण लावलेला कापसाचा बोळा गच्च बसवायचे. त्याने पडद्यावरचा ताण उलट वाढतो, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. पडदा फाटला त्या दिवशी गार पाणी आत शिरलं आणि त्यांना गरगरायला लागलं, वर कुठे नि खाली कुठे कळेना. हातात बांबू होता म्हणून वाचले. आठवड्याने पुन्हा होडीवर. पुढे कान वाहायचा थांबलाच नाही, आई रोज सकाळी उशीचा अभ्रा बदलायची.

आज उजवा कान पूर्ण गेला आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणी केली, तर २८ टक्के निघाले. सवलतींना ४० लागतात. हिशेबात चांगल्या कानाच्या तोट्याचे टक्के पाचपट धरतात, गेलेल्याचे एकपट, म्हणून एकूण आकडा कमी येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही दोन्ही कानांना ६० डेसिबलचा तोटा असेल तरच माणूस 'कमी ऐकू येणारा'. कारखान्यातल्या आवाजाने आलेलं बहिरेपण कामगार भरपाईच्या कायद्यातल्या रोगांच्या यादीत आहे. बाबांनी भरपाई मागायची कुणाकडे? त्यांना पैसे खेपेवर मिळायचे, मालक म्हणून कागदावर कुणाचंच नाव नाही.

डुबीचे परवाने जरूर द्या. पण अटींत प्रत्येक डुबीवाल्याची वर्षातून एकदा कानतपासणी घाला, आणि कान वाहत असताना कुणालाही पाण्यात उतरवू नका.

आणखी एक. आम्ही गेलो त्या रुग्णालयात कानाच्या विभागातसुद्धा नंबर तोंडी पुकारतात. बाबा डावा कान दाराकडे करून बसले होते, तरी दोन खेपा त्यांचा नंबर गेला. तिसऱ्यांदा मी रजा टाकून सोबत गेले, तेव्हा आत जाता आलं. निदान त्या दारावर तरी आकडा दिसेल अशी पाटी लावा.

– एका डुबीवाल्याची मुलगी, नायगाव (वसई)