साहेब, वीस वर्षे नोंदणी झालेला गवंडी दाखवा

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : बांधकाम कामगारांसाठी जाहीर केलेले निवृत्तिवेतन व त्यानिमित्ताने कल्याणकारी मंडळाच्या कारभाराबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. आपण कामाच्या गर्दीत असता, म्हणून थोडक्यात लिहितो.

२०२५ साली आपल्या सरकारने जाहीर केले की साठी पूर्ण केलेल्या नोंदीत बांधकाम कामगारांना निवृत्तिवेतन मिळेल. नोंदणी दहा वर्षांची असेल तर सहा हजार, पंधरा वर्षांची असेल तर नऊ हजार आणि वीस वर्षांची असेल तर बारा हजार रुपये. हे सगळे वर्षाला. आमच्या मजूर नाक्यावर बातमी वाचून दाखवली तेव्हा निम्म्या लोकांना ते महिन्याला वाटले आणि त्यांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. नंतर कुणीतरी पुढची ओळ वाचली. तरीही आम्ही आपले आभारच मानले. महिन्याला पाचशे रुपये म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्या सुटतात.

आधार कार्डावर माझी साठी पूर्ण झाली आहे. खरं वय माझ्या आईलाही सांगता आलं नसतं. शाळेत घालताना गुरुजींनी अख्ख्या वर्गाला जी १ जून लावली तीच मलाही लागली. त्या तारखेनंतर मंडळाच्या लेखी मी कामगार उरलो नाही, कारण नोंदणी अठरा ते साठ वयापर्यंतच. नोंदणी संपली की निवृत्तिवेतन सुरू व्हावं, असा आमचा भाबडा हिशेब. गेल्या आठवड्यात तालुक्याच्या ठिकाणी एका केंद्रावर कागद घेऊन गेलो. कॉम्प्युटरसमोरच्या मुलाने मान न वळवता सांगितलं, "काका, तुमच्या नोंदणीत खंड आहे. दहा वर्षं भरत नाहीत."

खंड कसा पडला, ते ऐका. आमची नोंदणी दरवर्षी नव्याने जिवंत करावी लागते. फी एक रुपया, त्याबद्दल सरकारचे आभार. तो एक रुपया भरायला एक हजेरी बुडते. शिवाय आदल्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर होतो असा दाखला लागतो. तो द्यायचा ठेकेदाराने, नाहीतर ग्रामसेवकाने, नाहीतर पालिकेच्या अधिकाऱ्याने. ठेकेदार सही करत नाही, कारण सही केली की मी त्याचा माणूस ठरतो आणि उद्या मी पडलो तर त्याच्या गळ्यात येतं. ग्रामसेवक म्हणतो, मी तुम्हाला काम करताना पाहिलेलं नाही. खरं आहे त्याचं. मी स्लॅबवर होतो, तो सभेला होता. एका वर्षी आचारसंहिता म्हणून कामकाज बंद, एका वर्षी साइट बंद. एजंट मात्र दहा मिनिटांत सही-शिक्क्यासह दाखला हातात ठेवतो. मी एजंटाकडे गेलो नाही, म्हणून माझ्या नोंदणीत खंड. ज्यांनी आयुष्यात थापी धरली नाही त्यांच्या नोंदण्या अखंड आहेत आणि हे आपल्या खात्याला ठाऊक नाही असं मी मानत नाही.

आणि अंगठा. चाळीसेक वर्षं सिमेंटचा माल हाताळून माझ्या बोटांवरच्या रेषा गेल्या आहेत. मशीनला माझा अंगठा दिसत नाही. पुसून ठेवा, ओला करून ठेवा, दुसऱ्या हाताचा ठेवा, सगळं झालं. शेवटी मला सांगण्यात आलं की तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध होत नाही. साहेब, मी बांधकाम कामगार आहे याचा याहून सज्जड पुरावा कुठला हवा होता? झिजलेली बोटं हाच तर दाखला. तोच तुमच्या यंत्राने नाकारला.

आता वीस वर्षांचा हिशेब. महाराष्ट्राचे नियम झाले २००७ मध्ये. सरकार, मालक आणि कामगार असं तिघांचं मंडळ झालं १ मे २०११ ला, चांगला महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन गाठून. म्हणजे मंडळाच्या पहिल्या दिवशी रांगेत पहिला उभा राहिलेल्या माणसाचीही घोषणेच्या वर्षी चौदाच वर्षं भरतात. नियम निघाले त्याच दिवशी नोंदणी झाली असं धरलं, तरी अठरा. केंद्राचा कायदा तर १९९६ चा. तो आल्यावर नियम करायला महाराष्ट्राने अकरा वर्षं घेतली. उशीर सरकारचा, खंड आमचा. मग बारा हजारांचा रकाना छापताना कुणाच्या डोळ्यांपुढे कोणता कामगार होता? एक तरी दाखवा. मी त्याच्या पाया पडायला येतो.

मी स्वतःबद्दल लिहिणार नव्हतो, पण लिहितो. गिलाव्याला हात वर धरून धरून उजवा खांदा गेला आहे. पाणी प्यायचा तांब्याही डाव्या हाताने उचलतो. फरशी बसवताना उकिडवं बसून दोन्ही गुडघे गेले. बायकोने माझ्याच कामांवर बिगारी म्हणून घमेली वाहिली. तिची मान आता पूर्ण वळत नाही. तिची नोंदणी कधीच झाली नाही, कारण मुकादमाच्या वहीत जोडीची हजेरी नवऱ्याच्या नावावर लागते. म्हणजे तुमच्या कागदावर ती घरी बसून होती. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा परांचीवरून पडला. खाली जाळी नव्हती, कमरेला पट्टा नव्हता. कामावर मृत्यू आला तर मंडळ वारसाला पाच लाख देतं, पण माणूस नोंदीत असेल तर. त्याचं नूतनीकरण अडकलेलं होतं. ठेकेदाराने तेराव्यापर्यंतचा खर्च दिला आणि वर लिहून घेतलं की हा आमच्याकडे कामाला नव्हताच. ठेकेदाराचं नाव इथे लिहीत नाही. बहिणीला त्याच गावात राहायचं आहे.

पैसे नाहीत असं तरी म्हणू नका. कायद्याने प्रत्येक बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर आमच्या नावाने गोळा होतो. पूल असो, धरण असो, शाळेची खोली असो, बिल्डरचा टॉवर असो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या निकालात देशाचा हिशेब मांडला होता : जमा झाले सदतीस हजार चारशे कोटींहून अधिक आणि कामगारांवर खर्च झाले साधारण साडेनऊ हजार कोटी. बाकीचे तिजोऱ्यांत. जे खर्च झाले त्यांतही लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन होत्या, त्यावर न्यायमूर्तींनीही कपाळाला हात लावला. नाक्यावर तळ ठोकून राहणाऱ्या माणसाला वॉशिंग मशीन!

आपल्या राज्याचं बघू. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर. खर्च पंचावन्न हजार कोटी झाला असं सगळेच म्हणतात. जमिनीचे आणि इतर पैसे वजा करून निम्मंच बांधकाम धरा, तरी एक टक्क्याने पावणेतीनशे कोटी होतात, एका रस्त्याचे. नातीने भागाकार करून सांगितलं की त्यात बारा हजारांची दोन लाख एकोणतीस हजार वार्षिक निवृत्तिवेतनं बसतात. चुकलं असेल तर अर्थ खात्याकडून तपासून घ्या. त्याच रस्त्यावर शहापूर तालुक्यात सरळांबे इथे ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं आणि वीस जण मेले. चाळीसेक दिवस होतात, तोच ठाण्यात बाळकुमला बांधकामाची लिफ्ट कोसळून सात जण गेले. त्याआधी २०१९ च्या जूनमध्ये पुण्यात कोंढव्याला भिंत पडून झोपेतले पंधरा. दर वेळी मदत जाहीर होते, चौकशी जाहीर होते, नेते येऊन पाहणी करतात. पाहणीला येताना सगळ्यांच्या डोक्यावर नवंकोरं हेल्मेट असतं, हे मी फोटोंत पाहिलं आहे.

मंडळ काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्या टाळेबंदीत दोन हजार रुपये खात्यात आले होते, त्या दिवशी घरात पीठ आलं. शिष्यवृत्तीवर शिकलेली पोरं मी पाहिली आहेत. पण मंडळाचा खरा जीव वस्तूंत आहे. सुरक्षा संच, अत्यावश्यक संच, गृहोपयोगी संच. तीस वस्तूंचा भांड्यांचा संच! आम्ही मागत होतो म्हातारपणच्या औषधाची सोय आणि कमरेला पट्टा, आणि आला कुकर. कारण उघड आहे. निवृत्तिवेतनाचं टेंडर निघत नाही, कुकरचं निघतं. निवृत्तिवेतन गपचूप खात्यात जातं. कुकर वाटायला मंडप लागतो, स्टेज लागतं, बॅनरवर फोटो लागतात. मार्च २०२४ मध्ये नागपुरात सुरेश भट सभागृहात असंच वाटप होतं. गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि एक बाई मेली. भांड्यांसाठी, साहेब.

मुलगा मोबाइलवर वाचून सांगतो की मलेशियाने १९९४ मध्ये बांधकाम उद्योगाच्या विकासासाठी कायद्याने मंडळ केलं. तिथे ठेकेदाराला नोंदणीशिवाय काम घेता येत नाही, कामगारालाही नोंदणीचं कार्ड लागतं आणि मोठ्या कंत्राटांवर घेतलेल्या पैशातून प्रशिक्षण होतं. दक्षिण आफ्रिकेने २००० साली असाच कायदा केला. सरकारी काम घेणाऱ्या ठेकेदारांची तिथे कुवतीप्रमाणे एक ते नऊ अशी प्रतवारी लागते. त्या देशांत सगळं आलबेल असेल असं मला वाटत नाही. पण हा धंदा आहे, त्यात कसब आहे, ते वाढवायला कायद्याचा आधार असलेलं कुणीतरी पाहिजे, एवढं तरी त्यांना सुचलं. आपल्याकडे १९९६ मध्येच नियोजन आयोग आणि उद्योगवाल्यांनी मिळून कन्स्ट्रक्शन इंडस्ट्री डेव्हलपमेंट कौन्सिल काढली. नाव मोठं, पण ती कुठल्या कायद्याने झालेली नाही, आणि आमच्या नाक्यावर तिचं नाव ऐकलेला माणूस मला भेटलेला नाही. मी ओळंबा लावायला शिकलो तो एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या शिव्या खाऊन. माझ्या हाताखाली पंधरा-वीस पोरं गवंडी झाली. त्यांच्याकडे किंवा माझ्याकडे आम्ही गवंडी आहोत असा एकही कागद नाही. रिक्षावाल्याकडे बॅज असतो, वायरमनकडे परवाना असतो. तुमच्या डोक्यावरचा स्लॅब ज्याने टाकला त्याला मात्र कुणी विचारत नाही की बाबा, तुला येतं का? पुढे स्लॅब गळला, पूल खचला की मग चौकशी समिती.

आणि आता नव्या संहिता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, लागू झाल्या. त्यांत उपकराची आकारणी मालकाने स्वतःच करायची आहे. बिल्डरने आपला हिशेब आपणच मांडायचा आणि पैसे भरायचे. त्याच्या शब्दावर सरकारचा केवढा विश्वास! आणि मी नव्वद दिवस विटा रचल्या, हे माझ्या शब्दावर चालत नाही. कोटींचा हिशेब देणाऱ्याची स्वतःची सही पुरते आणि एक रुपया भरणाऱ्याला तिसऱ्याची सही आणि अंगठा दोन्ही लागतात. भिंत ओळंब्यातून सुटली तर वरच्या थराला ठोकून भागत नाही, पायापासून बघावं लागतं. तुम्ही लोक पंचवीस वर्षं वरचा थर ठोकताय. सरकारं बदलली, तुमच्या खुर्चीत सगळ्या पक्षांचे लोक बसून गेले. तेव्हाचे विरोधक आज सत्तेत आहेत आणि तेव्हा आमच्या मोर्चापुढे येऊन भाषण करणारे आज आम्हाला ओळखत नाहीत. निवडणुकीच्या तोंडावर आम्ही लाभार्थी असतो, एरवी अतिक्रमण.

मागण्या लिहायच्या राहिल्या. दरवर्षीचं नूतनीकरण बंद करा, एकदा नोंदणी झाली की साठीपर्यंत ती चालू धरा. मंडळाच्या जन्माआधी ज्यांनी काम केलं त्यांची ती वर्षं निवृत्तिवेतनात मोजा. बोटं झिजलेल्यांसाठी चेहरा किंवा ओटीपी काहीही चालवा, आणि ते लेखी आदेशाने, केंद्रावरच्या मुलाच्या मर्जीने नव्हे. जोडीतल्या बाईचं नाव वहीत स्वतंत्र लावायला मुकादमाला भाग पाडा. कामावरच परीक्षा घेऊन गवंड्याला गवंडी असल्याचं प्रमाणपत्र द्या. भांडी बंद केलीत तरी चालेल, आमच्याकडे आहेत.

आणखी एक. मंत्रिमंडळ बदललं की मंत्र्यांच्या बंगल्यांची डागडुजी होते, पेपरात दर वेळी येतं. आपल्या बंगल्यावर जे गवंडी, रंगारी, फरशीवाले आले असतील त्यांना एकदा विचारा की नव्वद दिवसांचा दाखला तुम्हाला कोण देतं. कुणीच देत नसेल तर आपणच सही करा. अधिकाऱ्याची सही चालते हे मला माहीत आहे. मंत्र्याची चालते का, ते केंद्रावरच्या मुलाला विचारावं लागेल.

आपला,
मंडळाच्या लेखी माजी झालेला,
अजूनही कामावर जाणारा एक गवंडी