ड्रायरचा चटका वेगळा, अर्थिंगच्या झिणझिण्या वेगळ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आषाढ लागला की कोल्हापुरात आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. त्यामुळे बऱ्याच घरांत आता गरम हवेचा ड्रायर आला आहे. (सेमी ऑटोमॅटिक मशीनच्या पिळणाऱ्या टबालाही आपण ड्रायरच म्हणतो, हे पत्र त्याच्याबद्दल नाही.) ‘मशीन करंट मारतंय’ ही ड्रायरची नेहमीची तक्रार. पण त्या एका वाक्याखाली दोन वेगळी दुखणी असतात. पहिलं नुसतं त्रासदायक, दुसरं जिवावर बेतणारं. निदान न करता थेट पीसीबी (मशीनमधलं इलेक्ट्रॉनिक कार्ड) बदलायला सांगणारेही आहेत, म्हणून हा खुलासा.

पहिलं दुखणं स्थिर विजेचं. पॉलिस्टरची साडी, नायलॉनची ट्रॅक पँट आणि सुती टॉवेल एकत्र फिरले की घासून घासून त्यांच्यावर विद्युतभार साचतो. बाहेर पावसाळी हवा कितीही दमट असो, ड्रममधली हवा तापून कोरडी झालेली असते. कपड्यात ओल असेपर्यंत भार ओलीवाटे निघून जातो. ओल संपल्यावरही मशीन फिरत राहिलं की त्या जादा मिनिटांत तो साचतो. उपाय फुकटातले आहेत. सिंथेटिक कपडे वेगळे काढून कमी उष्णतेवर लावा. सुती कपडे शिवणीशी किंचित दमट असतानाच बाहेर काढून पंख्याखाली पसरा.

इथे एक गंमत होते. अनेक मशीनमध्ये ड्रमच्या तोंडाशी, लिंटच्या (कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंच्या) जाळीजवळ दोन धातूच्या पट्ट्या असतात. ओला कपडा त्यांना टेकला की मशीनला ओल कळते. फॅब्रिक सॉफ्टनरचा मेणचट थर या पट्ट्यांवर बसला की ओला कपडाही मशीनला कोरडा वाटतो आणि ते लवकर थांबतं. वैतागून माणूस टायमरवर दीड तास लावतो, कपडे गरजेपेक्षा जास्त वाळतात आणि मग चटके सुरू. म्हणजे चटके घालवायला वापरलेला सॉफ्टनरच उलटतो. महिन्यातून एकदा प्लग काढून पट्ट्या स्पिरिट किंवा पांढऱ्या व्हिनेगरच्या फडक्याने पुसाव्यात, तारेच्या घासणीने नव्हे. ड्रममध्ये फॉइलचे गोळे टाकायची टूम आमच्या मते बिनकामाची. गोळा पट्ट्यांना टेकला तर सेन्सर उलट फसतो.

आता दुसरं दुखणं. कपडा ओढताना ‘टक्’ करून एकदाच चटका बसला, तर ती स्थिर वीज. मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर, विशेषतः ओल्या फरशीवर अनवाणी उभं असताना, दर वेळी झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग (पत्र्यावर आलेली वीज जमिनीत नेणारी जोडणी) गेलेलं आहे. इलेक्ट्रॉनिक मशीनमधल्या, विजेतली खरखर गाळणाऱ्या फिल्टरचे छोटे कपॅसिटर अर्थशी जोडलेले असतात. अर्थ तुटला की मशीन पूर्ण चांगलं असूनही पत्र्यावर साधारण 110 ते 120 व्होल्ट दिसतात. तेवढ्याने झिणझिण्याच येतात. पण त्याच अवस्थेत हीटरची कॉइल पत्र्याला टेकली, तर पत्र्यावर 230 व्होल्टपर्यंत येऊ शकतात.

पेठांतल्या जुन्या वायरिंगमध्ये सॉकेट तीन पिनांचं असतं, पण अनेकदा तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. काही वायरमन तिथे न्यूट्रलचाच तुकडा जोडून मोकळे होतात. हे तर अर्थ नसण्यापेक्षा वाईट; न्यूट्रल कुठे तुटला की मशीनचा पत्राच फेज होतो. तपासणी मल्टिमीटरने दहा मिनिटांची आहे आणि ती जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे जवळपास सारखा व्होल्टेज हवा. ड्रायर चालू असताना न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत यावा. भर लोडवरही अगदी शून्य आला, तर मागे तुकडा जोडल्याचा संशय घ्या. प्लग काढल्यावर त्याची अर्थ पिन आणि मशीनचा उघडा पत्रा यांच्यात एक ओहमपेक्षा कमी रोध हवा. सॉकेट 16 अँपिअरचं आणि वायर किमान 2.5 चौरस मिलिमीटरची, कारण दोन ते अडीच हजार वॉटचा हीटर 9 ते 11 अँपिअर खेचतो. एक्स्टेन्शन बोर्ड नकोच. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) मात्र बसवा.

दुरुस्तीत सर्वांत जास्त फसवणारी तक्रार म्हणजे ‘ड्रम फिरतो, पण गरम होत नाही’. 2000 वॉटच्या हीटरचा रोध साधारण 26 ओहम येतो. तो ठीक असेल तर बहुधा थर्मल फ्यूज (जास्त तापल्यावर हीटर तोडणारा) उडालेला असतो. नवा टाकण्याआधी तो का उडाला ते पाहा: जाळी, हवा बाहेर टाकणारा पाइप किंवा कंडेन्सर (वाफेचं पाणी करणारा भाग) लिंटने तुंबलेला असतो. तो साफ न करता फ्यूज बदलला, तर पुन्हा उडणार. आणि फ्यूजच्या जागी तार जोडून देणाऱ्याला पुन्हा दारात उभं करू नये; लिंट कापसासारखी पेटते. मोटर घुमते पण ड्रम हलत नाही, तेव्हा पट्टा तुटलेला असतो. त्यात विशेष काही नाही.

उद्यमनगर-शिरोलीतल्या कारखान्यांचे ऑइल लागलेले कपडे आणि तालमीतले तेलकट टॉवेल या मशीनमध्ये अजिबात टाकू नयेत. धुतल्यावरही तेल उरतं. खाण्याच्या तेलाचा अंश राहिलेला गरम कपड्यांचा ढीग तर मशीन बंद झाल्यावरही आतून तापत जातो आणि पेटू शकतो.

आपले,
घरगुती विद्युत उपकरणांचे दुरुस्ती कारागीर,
कोल्हापूर