मला पुन्हा विळीवर बसवणाऱ्या मुलीला

प्रिय फिजिओथेरपिस्ट डॉक्टर,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गौरी-गणपती झाले तेव्हापासून तुला पत्र लिहायचं मनात आहे. समोर भेटलीस की तू मला बोलूच देत नाहीस. "काकू, ते राहू दे, आधी गुडघा कसा आहे सांगा," म्हणून विषय बदलतेस. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय. नाव घालू नका म्हणालीस, ते पाळलंय. पण आपल्याकडच्या ज्या बायका पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावून थांबतात आणि विचारलं तर "काही नाही गं, वय झालं" म्हणतात, त्यांच्यापर्यंत हे पोचावं असं मला मनापासून वाटतं.

मी ६८ वर्षांची. मोठं दुखणं म्हणावं असं मला काही नव्हतं. ऑपरेशन निघालं असतं तर मुंबईहून मुलगा-सून धावत आले असते. माझं सगळं बारीकसारीक. सकाळी पहिलं पाऊल जमिनीवर टेकवलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं, दहा-बारा पावलं टाकली की ओसरायचं. रात्री पोटरीत गोळा यायचा. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी कळ. रात्रीतून तीन वेळा लघवीला उठणं. पावसात अंगणातल्या जांभ्याच्या पायऱ्या उतरताना पायरीची कड कुठे आहे ते नीट न दिसणं. यातलं एकेक सांगायला गेलं तर सांगणाऱ्यालाच लाज वाटते, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसायचं म्हणून. पण ही सगळी एका दिवसात भेटतात, रोज भेटतात, आणि माणूस हळूहळू एकेक काम सोडून देतो. मीही सोडत गेले होते.

त्यात चक्कर सुरू झाली. आधी जिथे दाखवलं तिथे दोन मिनिटांत "मानेचे मणके झिजलेत, या वयात असं चालायचंच," असं सांगून गळ्याला पट्टा दिला. चार महिने मी तो पट्टा घातला, वैशाखातसुद्धा. गळ्याला घामोळं आलं, चक्कर होती तिथेच. शेजारच्या वहिनी म्हणायच्या पित्त आहे, नणंद म्हणायची बीपी बघा. बीपी चांगलं निघालं.

तुझ्याकडे मी खरं तर गुडघ्यासाठी आले होते. चक्करेचं जाता जाता बोलले, तर तू हातातलं काम ठेवून समोर येऊन बसलीस. "काकू, चक्कर नेमकी कधी येते?" मी म्हटलं, रात्री उजव्या कुशीवर वळले की. "किती वेळ टिकते? चहाला उकळी येईपर्यंत?" नाही, त्याच्या आतच थांबते. मग तू विचारलंस, बोलताना जीभ जड होते का, एकाचे दोन दिसतात का, हातापायातली शक्ती जाते का. तसं काही असतं तर तू मला त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात पाठवणार होतीस, हेही सांगितलंस. इतके प्रश्न मला त्याआधी कोणी विचारलेच नव्हते.

मग तू मला पलंगावर बसवलंस, मान उजवीकडे अर्धी वळवलीस आणि डोकं दोन्ही हातांत धरून एका दमात मागे आडवं केलंस, डोकं पलंगाच्या कडेबाहेर थोडं लोंबतं राहील असं. खोली गरगरली. मी तुझं मनगट घट्ट धरलं होतं, त्याचे वळ उठले असतील. तू सारखी म्हणत होतीस, "डोळे मिटू नका काकू, मला तुमचे डोळे बघायचेत, मी धरलंय तुम्हाला." गरगर थांबल्यावर मान सावकाश डावीकडे वळवलीस, थांबलीस, मग मला डाव्या कुशीवर घेऊन नाक जमिनीकडे करायला लावलंस, परत थांबलीस, मग उठवून बसवलंस. पाच मिनिटंही लागली नसतील.

नंतर कागदावर चित्र काढून समजावलंस. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तिथे कॅल्शियमचे अगदी बारीक खडे चिकटलेले असतात. वयाप्रमाणे त्यातले काही सुटतात आणि शेजारच्या अर्धगोल नळीत जाऊन पडतात. मग डोकं हललं की ते नळीतलं पाणी ढवळतात आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. डोकं ठरलेल्या क्रमाने वळवलं की खडे नळीतून घरंगळून परत आपल्या जागी जातात. एपली नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ही रीत बसवली आणि १९९२ साली त्यांचा त्यावरचा लेख छापून आला, हेही तूच सांगितलंस. आठवड्याने पुन्हा एकदा केलंस. त्या रात्री मी उजव्या कुशीवर वळले आणि खोली जागच्या जागी राहिली. अंधारात मी किती तरी वेळ तशीच पडून होते. ह्यांना उठवून सांगावंसं वाटत होतं, पण गाढ झोपले होते.

पण मला खरे आभार मानायचेत ते त्यानंतरच्या एका प्रश्नाचे. तू विचारलंस, "काकू, काय करावंसं वाटतं जे आता जमत नाही?" दुखतं कुठे, हे सगळेच विचारतात. मी घाबरतच म्हटलं, मला विळीवर बसून नारळ खवायचाय. घरात मी हे बोलले असते तर लगेच मिक्सर, ओट्यावर लावायची खवणी, विकतचा कीस, सगळे पर्याय निघाले असते. निघालेच होते. ओट्यावरच्या खवणीने माझा अंगठा जास्त दुखतो आणि उभ्याने खवताना मला हातात जोर येत नाही. शिवाय सासूबाईंची विळी आहे ती. चाळीस वर्षं माझ्या हाताला तिची सवय. तू हसली नाहीस. रविवारी घरी आलीस, स्वयंपाकघरात माझ्या पाटावर बसलीस, एक गुडघा उभा, दुसरा पाय विळीच्या फळीवर, आणि अर्धा नारळ स्वतः खवून बघितलास. उठताना म्हणालीस, "खवणं सोपं आहे, उठणंच कठीण आहे." तेव्हाच मला कळलं, मी खाली बसायचं सोडलं होतं ते गुडघ्याच्या दुखण्याने नव्हे, आपल्याला उठता येणार नाही या भीतीने.

मग तू उठायला शिकवलंस. गेली दोन वर्षं मी समोर हात टेकून एकदम उभी राहायला बघायची आणि कोणाला तरी हाक मारायची. तू म्हणालीस, मांडी मोडून आधी एका बाजूला वळा, दोन्ही तळहात जमिनीवर ठेवा, रांगत्या बाळासारखं या, समोर जड स्टूल धरा, ज्या पायात जोर आहे तो पुढे टाका आणि मग वर. सरावाला आधी चौरंगावर बसायचं, ते जमलं की दोन पाट एकावर एक, मग एकच पाट. "आणि उठण्याचा सराव करताना विळी आसपास नको, पातं आहे ते," हे प्रत्येक वेळी बजावायचीस. अजूनही मी आधी पातं मिटते, विळी भिंतीकडे सरकवते आणि मगच उठायला लागते.

त्याच्या जोडीला खुर्ची. हात छातीशी दुमडून खुर्चीतून उठायचं, बसायचं, तीस सेकंदांत किती वेळा होतं ते मोजायचं. पहिल्या दिवशी सात झाले. माझ्या वयाच्या बाईला अकरा तरी यायला हवेत म्हणालीस. गुडघ्यातली झीज भरून येत नाही, पण मांडीच्या पुढच्या स्नायूत ताकद आली की गुडघ्यावरचा भार तो उचलतो. मी मात्र दुखतं म्हणून पाय हलवेनाशी झाले होते, त्याने ताकद आणखी गेली होती. नारळी पौर्णिमेला तेरा झाले. तू टाळ्या वाजवल्यास तेव्हा बाहेर बसलेली माणसं दारातून डोकावली होती.

बाकीचं भराभर लिहिते, कोणाच्या तरी कामी येईल. टाचेसाठी: अंथरुणातून उठायच्या आधीच पंचा तळव्याला अडकवून पाय आपल्याकडे ताणायचा, मग जमिनीवर टेकवायचा. पोटरीत गोळा आला की गुडघा सरळ ठेवून बोटं आपल्याकडे ओढायची. बरणीच्या झाकणाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावायचा आणि बोटांऐवजी तळव्याने फिरवायचं. पायऱ्यांचं तर तू माझ्याबरोबर अंगणात उतरून बघितलंस: माझा चष्मा वर लांबचा आणि खाली जवळचा, त्यामुळे खाली बघितलं की पायरी धूसर. आता बाहेर जाताना फक्त लांबचा चष्मा लावते. एवढी साधी गोष्ट, पण त्यासाठी कोणालातरी माझ्याबरोबर पायऱ्या उतराव्या लागल्या.

आणि जे तुझं नव्हतं ते तू स्वतःकडे ठेवून घेतलं नाहीस. रात्री उठण्याचं ऐकून "हे माझं काम नाही, साखर आणि लघवी तपासून घ्या," म्हणून औषधाच्या डॉक्टरांकडे पाठवलंस. जे परत येणार नाही तेही गोड करून सांगितलं नाहीस. उजव्या गुडघ्याने पूर्वीसारखी तासभर मांडी होणार नाही, अंगठा थंडीत दुखणार, हे स्पष्ट सांगितलंस. ते ऐकून मला बरं वाटलं होतं गं. सगळ्यालाच वय म्हटलं की मग हातात काहीच उरत नाही. तू त्यातलं वयाचं किती आणि आळसाचं, भीतीचं, चष्म्याचं किती ते निवडून दिलंस, सुपात तांदूळ निवडावेत तसं.

दिवाळीच्या आधी तू म्हणालीस, "काकू, आता यायची गरज नाही, घरी करत राहा." मी आले असते गं, पैसेही दिले असते. तूच नको म्हणालीस.

गणपतीत पहिल्या दिवशी मोदकांच्या सारणाला पाच नारळ लागले. तीन मी खवले, दोन सुनेने. मध्ये एकदा उठून पाय मोकळे केले, तू सांगितलंस तसे. सून फोनवर तिच्या आईला सांगत होती, "आमच्या आई आज खाली बसल्यात."

या पत्राबरोबर नारळाच्या वड्यांचा डबा पाठवतेय. खोबरं विळीवरचं आहे. डबा सवडीने परत कर, आणि येशील तेव्हा जेवायलाच ये.

तुझी
काकू