आधी नावे वाचा, मग भाषणे करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्वातंत्र्यदिन तोंडावर आला की शाळाशाळांतून कार्यक्रमाची जुळवाजुळव सुरू होते. प्रभातफेरी, झेंडावंदन, पाहुण्यांचे सत्कार, भाषणे आणि मग जिलेबी हा क्रम आता ठरूनच गेला आहे. खानदेशातील शाळा, ग्रामपंचायती आणि तहसील कचेऱ्यांना आपल्या पत्रातून माझी एक कळकळीची विनंती आहे. राष्ट्रगीत संपले की पहिल्या भाषणाच्या आधी आपल्या गावातल्या, तालुक्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांची नावे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.

यात नवे काहीच नाही. आपला पहिला स्वातंत्र्यदिन वाचूनच साजरा झाला होता. डिसेंबर १९२९ च्या लाहोर अधिवेशनात काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३०, रविवार, हा दिवस देशभर पाळायचे ठरले. त्या दिवशी ठिकठिकाणी लोक जमले आणि आपापल्या भाषेत एक प्रतिज्ञा वाचली गेली. तीत काय होते, हे खानदेशातल्या कापूसवाल्यांनी जरूर पाहावे: हातकताई बुडाल्याने शेतकरी वर्षातले निदान चार महिने रिकामा बसतो, शेतसाऱ्याचा आणि मिठावरच्या कराचा भार गरिबाच्या डोक्यावर आहे, असा रोखठोक हिशेब होता. भाषणे नकोत, असे गांधीजींचे सांगणे होते. लोकांनी भाषणांशिवाय किती गंभीरपणे ती शपथ घेतली, याचे नेहरूंना वाटलेले अप्रूप त्यांच्या आत्मचरित्रात आहे. पुढे १९४७ पर्यंत २६ जानेवारी हाच स्वातंत्र्यदिन होता. १५ ऑगस्ट ही तारीख माउंटबॅटन यांनी निवडली, जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वर्धापनदिन म्हणून. लोकांनी स्वतः निवडलेला दिवस विसरला जाऊ नये म्हणून राज्यघटना २६ जानेवारीला अमलात आली. हे मुलांना एकदा नीट समजावून सांगितले तर दोन्ही दिवसांचे कार्यक्रम त्यांना एकसारखे वाटणार नाहीत. नेहरूंनी लाल किल्ल्यावर पहिल्यांदा तिरंगा फडकवला तोही १६ ऑगस्ट १९४७ रोजी. आमच्याकडच्या बहुतेक भाषणांत ती तारीख आजही चुकते.

नावे कुठून आणायची? स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी स्मृतिस्तंभ उभारले गेले. एका बाजूला राज्यघटनेची उद्देशिका, दुसऱ्या बाजूला त्या भागातल्या स्वातंत्र्यसैनिकांची नावे. मी ज्या तालुक्यात नोकरी केली, तिथला स्तंभ पंचायत समितीच्या आवारात आहे. एरवी त्याला टेकून मोटारसायकली उभ्या असतात. १४ ऑगस्टला त्याच्यावर चुन्याचा हात फिरतो आणि कोरलेल्या अक्षरांत चुना साचत जातो. एका वर्षी मुलींना घेऊन गेले होते. एकीने नखाने खरवडून एक आडनाव मोकळे केले, ‘भिल’. खाली पाटील, कोळी, वाणी, सोनार अशी नावे निघाली. ती मला अहिराणीत विचारते, “बाई, ह्या कोन शेतस?” (हे कोण आहेत?) तिच्या शेजारच्या गावचीच ती माणसे होती. तिला ते कुणी कधी सांगितलेच नव्हते, आणि याचे मला फार वाईट वाटले.

आपल्या भागाचा इतिहास तुटपुंजा असता तर गोष्ट वेगळी होती. १९३० आणि १९३२ च्या सत्याग्रहांत इथल्या साध्या माणसांनी धुळ्याचा तुरुंग भरला. त्याच तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. गुरुजींचे नाव आपण घेतो, घ्यायलाच हवे, पण समोर मांडी घालून ऐकणाऱ्या कैद्यांचीही नावे होती. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन आपल्या फैजपूरला झाले. नेहरू अध्यक्ष, गांधीजी मुक्कामाला, नंदलाल बोस यांनी बांबू-तट्ट्यांतून सजवलेले टिळकनगर, आणि राबणारे हात धनाजी नाना चौधरी यांच्यासोबत आसपासच्या गावांचे. शेतसारा कमी करा, ही मागणी करणारा शेतकऱ्यांचा कार्यक्रम याच अधिवेशनात मंजूर झाला.

नंदुरबारची गोष्ट तर प्रत्येक मुलाला पाठ असली पाहिजे. ९ सप्टेंबर १९४२. विद्यार्थ्यांची मिरवणूक, हातात तिरंगा, ओठांवर ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमि भारतनुं’ (भारतभूमीचे निशाण झुकणार नाही). घोषणा गुजराती, कारण शिरीषकुमार मेहतांच्या घरची भाषा गुजराती, आणि नंदुरबारला त्यात काही परके वाटले नाही. पोलिसाने मुलींच्या दिशेने बंदूक रोखली तेव्हा शिरीषकुमार पुढे झाले, असे जुने लोक सांगत. वय अवघे पंधरा. त्यांच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा यांनाही गोळ्या लागून वीरमरण आले. शिरीषकुमारांचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. उरलेली चार नावे न अडखळता सांगणारे विद्यार्थी मला फार थोडे भेटले, शिक्षकही थोडेच.

आणि १४ एप्रिल १९४४ चे चिमठाणे. धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यात क्रांतिकारकांनी लुटला, रक्कम साडेपाच लाखांच्या घरात. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चालवलेल्या समांतर सरकारचे लोक इथवर आले होते. परमुलखातला माणूस इथे लपला, फिरला आणि निसटला, तो इथल्या घरांच्या भरवशावर. रात्री-अपरात्री दार वाजल्यावर काहीही न विचारता भाकरी आणि ठेचा पुढे करणारी बाई कुठल्याच स्तंभावर नाही, कारण ती तुरुंगात गेली नाही. डांगरीच्या लीलाताई पाटलांसारखी एखादी स्त्री इतिहासात आली. बाकीच्या घराघरांतच राहिल्या.

सातपुड्याकडचे तर त्याहून मागचे. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला खाज्या नाईकांचे भिल्ल इंग्रजी फौजेशी लढले. धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेत १५ ऑगस्टचे भाषण १८५७ च्या मीरतपासून सुरू व्हावे आणि खाज्या नाईकांपाशी थांबूही नये, हे मला पटत नाही.

ग्रामसभेला १५ ऑगस्ट हा ठरलेला दिवस आहेच. त्या दिवशी गावाने एक वही सुरू करावी. १९४२ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडून गेले आहे, पण त्यांच्या सुना-नातवंडांना अजून बरेच आठवते. कुणाच्या मळ्यात कोण लपले होते, कुणाच्या घरावर जप्ती आली, कुणाचा बैल सरकारने नेला. कानबाईच्या रोटांना, म्हणजे आपल्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणाला, परगावचे सगळे भाऊबंद घरी येतात, ते दिवसही याच सुमारास असतात. तेव्हा विचारले तर एका बैठकीत कितीतरी निघेल. अजिंठ्याचा घाट चढला की पलीकडे निजामाचे राज्य होते आणि तिथे स्वातंत्र्य पोहोचायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. सीमेवरच्या गावांनी तेही लिहून ठेवावे.

संपादक महाशय, आपणही ९ ते १५ ऑगस्टच्या आठवड्यात रोज एका तालुक्याची यादी छापावी, अशी विनंती आहे. ज्या गावाजवळ यादी नाही, तिथल्या शिक्षकांनी मुलांना घेऊन या आठवड्यातच स्तंभापर्यंत जावे. पाणी आणि नारळाची शेंडी घेऊन अक्षरे घासावीत आणि नावे वहीत उतरवून घ्यावीत. ऐन १५ ऑगस्टच्या धावपळीत ते होत नाही. एका तालुक्याची यादी वाचायला पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे सत्काराच्या वेळातून काढावीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
जि. जळगाव