कोळंबी मेली म्हणून फोन करण्याआधी

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, खाऱ्या पाण्याची टाकी लावायची आणि तीत मासे न ठेवता कोळंबी, गोगलगायी, शंखातले खेकडे नि समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी, सी अ‍ॅनिमोन) ठेवायची, हा तुमचा बेत मला फार आवडला. आई, "मासेच नाहीत तर बघायचं काय?" हे तू विचारणारच. थोडी कळ काढ. त्याआधी दोघांनाही एक सांगते: या टाकीत जे भयानक दिसतं ते बहुतेक वेळा काहीच नसतं, आणि जे खरोखर जीवावर बेतणारं असतं ते डोळ्यांना दिसतच नाही.

न दिसणारं पहिलं म्हणजे पाणी. नळाचं पाणी सरळ घालू नका. क्लोरीन, फॉस्फेट, सिलिकेट आणि कधी नळांमधलं तांबंही त्यातून येतं. पिण्याच्या आरओचंही नको, बऱ्याच यंत्रांत चवीसाठी खनिजं परत मिसळलेली असतात. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) शून्य दाखवेल असं आरओ-डीआय पाणीच घ्या, म्हणजे आरओनंतर उरलेसुरले क्षारही काढून टाकलेलं. त्यात सागरी मीठ लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम; नेमका आकडा पाकिटावर बघा. स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं, त्यामुळे ते चालत नाही. आधी पाणी, मग मीठ. उलट केलं तर कॅल्शियम साका होऊन खाली बसतं आणि पाणी पांढुरकं होतं. छोटा पंप लावून रात्रभर फिरू द्या, २५ अंशांवर आणा, मग मोजा: घनता १.०२५ ते १.०२६. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तो थेंबभर पाण्यातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा सांगतो. काटा तरंगवून घनता दाखवणाऱ्या स्वस्त हायड्रोमीटरमध्ये काट्याला बुडबुडे चिकटतात, तो वर उचलला जातो आणि खारटपणा आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो.

टाकीतलं पाणी रोज थोडं उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर गोड्या आरओ-डीआय पाण्याचीच घालायची. खारं पाणी घालत राहिलात तर पंधरा दिवसांत टाकी लोणच्याची बरणी होईल. काचेवर पातळीची खूण करून ठेवा, काम सोपं होतं. आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. त्या वेळी मात्र मीठ घातलेलं.

टाकी भरल्यावर लगेच जनावरं आणायची नाहीत. टाकीतल्या दगडांवर जीवाणू वाढून अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करू लागायला चार ते सहा आठवडे जातात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत थांबा. मधल्या काळात काचेवर तपकिरी भुकटी धरेल, तिच्याकडे दुर्लक्ष करा. बाबा, तुमच्यासाठी हाच सगळ्यात कठीण भाग असणार आहे, हे मला माहीत आहे!

नवा जीव आणला की पिशवीतलं पाणी नि प्राणी बादलीत काढा. बारीक नळीला सैल गाठ मारून टाकीचं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब असं तासभर सोडा. मग फक्त प्राणी टाकीत घ्या, बादलीतलं पाणी फेकून द्या. माशांचं कुठलंही औषध या टाकीत घालू नका. त्यातल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. मासे ते सोसतात, कोळंबी नि गोगलगायी सोसत नाहीत, आणि दगडांत मुरलेलं तांबं पुढे महिनोन्महिने सुटत राहतं.

आता आई, तुझं बघणं. क्लीनर कोळंबी तीन-चार आठवड्यांनी कात टाकते. पाय, मिशा, डोळ्यांवरचं कवचसुद्धा जसंच्या तसं तळाशी पडलेलं असतं, हुबेहूब मेलेली कोळंबी. खरी कोळंबी कपारीत लपलेली असते, कारण नवं कवच टणक व्हायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून आधी दगडामागे बघा, मग फोन करा. पडलेलं कवच पोकळ नि पारदर्शक असेल तर कात. अपारदर्शक, गुलाबी पडलेलं असेल तर मग खरंच गेली.

शंखातल्या खेकड्यांना मोजून दोन-तीन रिकामे शंख जास्तीचे ठेवा, त्यांच्या अंगापेक्षा जरा मोठे. नाहीतर नव्या घरासाठी ते जिवंत गोगलगायीला मारून तिचा शंख बळकावतात. टर्बो गोगलगाय उताणी पडली की बऱ्याचदा तिला सुलटं होता येत नाही. दिवसातून एकदा फेरी मारून सरळ करा. नॅसॅरियस गोगलगायी दिवसेंदिवस दिसल्या नाहीत तरी हरवल्या म्हणू नका. वाळूत गाडलेल्या असतात, खाणं पडलं की थडग्यातून उठल्यासारख्या सोंडा वर काढून निघतात. अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखा प्राणी, छोटे दगड, शंख, हाताला लागेल ते डोक्यावर घेऊन हिंडतो. त्यामुळे टाकीतली एखादी वस्तू दिसली नाही तर आधी त्याची झडती घ्या. तारामासा मात्र आणू नका. नव्या टाकीत त्याला पुरेसं खायला नसतं आणि तो कित्येक महिने हळूहळू उपाशी मरतो.

रात्री काच तडकल्यासारखा आवाज आला तर पिस्तूल कोळंबी. नांगी इतक्या वेगात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, तो हा आवाज.

समुद्रफूल सहा महिन्यांनंतरच. ते चालतं! जागा पसंत पडेपर्यंत फिरतं आणि पंपाच्या तोंडाशी गेलं तर चिंध्या होतात, म्हणून पंपांना आधीच स्पंजची टोपी घाला. कधी फुगा फुटल्यासारखं लोळागोळा होतं. आतलं जुनं पाणी बाहेर टाकतं, काही तासांत परत फुलतं. तोंड सताड उघडं राहिलं, अंग विरघळू लागलं आणि दुर्गंधी आली तरच ते गेलं, मग क्षणभरही न ठेवता बाहेर काढा. नाहीतर आयुष्य दांडगं असतं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली आणलेलं थंड पाण्यातलं एक समुद्रफूल १८८७ पर्यंत जगलं. डॅलिएल स्वतः १८५१ मध्येच गेले होते. लोक त्याला 'ग्रॅनी' म्हणत.

दगडाबरोबर आयप्टेशिया नावाचं पिटुकलं, काचेसारखं समुद्रफूल फुकट येतं. खरवडू नका, तुटलेल्या प्रत्येक कणापासून नवं उगवतं. पेपरमिंट कोळंबी ते खाते. घेताना पाठीवर कुबड नि पांढरे ठिपके असलेली घेऊ नका, ती उंट कोळंबी, प्रवाळांवर ताव मारते. दगडाखालचे केसाळ किडे सफाईवाले आहेत, राहू द्या, पण हातमोजे घाला. त्यांचे केस बोटांत रुततात.

वीज गेली तर धोका प्राणवायूचा. बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी ठेवा आणि वीज येईपर्यंत खाणं टाकू नका. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी लावा, म्हणजे ओघळ बोर्डापर्यंत पोचणार नाही. आकड्यांची वही आईने ठेवावी. बाबा, तुम्ही ठेवलीत तर सगळे आकडे चांगलेच येतील.

तुमची लेक